मॅडमच्या दोन ओळी

आमच्या गावात त्या दिवसांत कुणी "नापास झाला" म्हटलं, की ऐकणारा आधी विचारायचा, "कोण, पोरगा का प्लॉट?" पोरगा असला तर माणूस हसून पुढे जायचा. प्लॉट असला तर तिथेच ओट्यावर टेकायचा, कारण मग त्या घरी जाऊन बसून यावं लागणार हे ठरलेलंच. बीटी कपाशीची जी पाकिटं तेव्हा माणसं रांगा लावून घेत होती, त्यांतलं बी आमच्यासारख्यांच्या वावरात, बायापोरींच्या बोटांनी तयार होत होतं, हे शहरातल्या माणसाला सांगितलं तर आजही पटत नाही. दुपारी दोनपासून दिवस मावळेपर्यंत कळ्या सोलायच्या. उद्या उमलणारी कळी ओळखायची, तिच्या बुडाशी अंगठ्याचं नख फिरवायचं आणि पाकळ्या नि आतले पिवळे दाणे एका पिळात काढून घ्यायचे. मधली पांढरी काडी तेवढी शाबूत राहायला हवी. तिच्यावर लाल कागदाची टोपी घालायची. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या पुढे नराची फुलं आणून त्या काडीवर फिरवायची आणि देठाला दोरा बांधायचा. याला आम्ही क्रॉसिंग म्हणायचो. पिवळे दाणे बुडाशी थोडे जरी राहिले, तर ते फूल स्वतःचं स्वतःच फळतं. ते सेल्फ. सेल्फचं बोंड दिसायला तसंच, सरकीही तशीच, ओळखायची काही सोय नाही. कंपनीवाले नमुना नेऊन लांब कुठेतरी पेरत, झाडं वाढवून बघत आणि उन्हाळ्यात निकाल कळवत. सेल्फची झाडं जास्त निघाली, की प्लॉट नापास, सगळं बी तेलाच्या घाण्यात जायचं.

देऊळगाव राजापासून आमचं गाव सायकलीवर अर्ध्या तासाचं. घरी आबा, माय आणि मी. पत्र्याच्या दोन खोल्या, पुढे शेणाने सारवलेलं अंगण. पहाटे मला जाग यायची ती भाकरी थापण्याच्या आवाजाने. माय भाकर थापताना मध्येच थांबून बांगड्या कोपराकडे सारायची, तो आवाज मला अजून ऐकू येतो. ज्वारीची भाकर, पाट्यावर रगडलेला मिरचीचा ठेचा, त्यावर असलंच तर कच्चं तेल. आदल्या दोन्ही सालांत कोरडवाहू कपाशीवर ऐन बोंडं धरायच्या वेळी लाल्या आला होता आणि उभं पीक तांबडं होऊन वाळलं होतं. मागच्या गल्लीतल्या एकाने त्यांतल्याच एका साली फवारणीचं औषध घेतलं. त्याच्या बायकोला माय रोज दोन भाकरी नेऊन द्यायची, आणि आबा त्या घरावरून जाताना मान खाली घालून जायचे. आमच्या विहिरीला थोडं पाणी होतं म्हणून आम्हाला कंपनीचा अर्ध्या एकराचा बियाण्याचा प्लॉट मिळाला. आबांनी पोळ्याच्या दिवशी जेवताना सांगून टाकलं, "प्लॉट पास झाला तर पोरगी पुढं शिकंल. न्हाई तर कशावर शिकवू?" मी तेव्हा बारावी होऊन कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. मायने माझ्या ताटात आणखी एक पुरणपोळी टाकली.

मायच्या हाताचं नाव होतं. प्लॉट बघायला येणारा सुपरवायझर फटफटीवरून उतरला की आधी मायच्या ओळीत शिरायचा, दुसऱ्या गावच्या बायांना आणून तिचं सोलणं दाखवायचा. आणि ही, जिला चार माणसांत पदर सावरण्यापलीकडे काही सुचायचं नाही, ती कपाशीत उभी राहून त्यांना बजावायची, "घाई करायची न्हाई बाई. कळीला कळलं न्हाई पाह्यजे आपण काय काढून नेलं ते." मलाही तिनेच शिकवलं. उजव्या अंगठ्याचं नख आम्ही दोघी वाढवायचो आणि विळीच्या कडेवर घासून त्याला धार ठेवायचो. गावातल्या निम्म्या पोरींची नखं तशीच होती, लग्नातल्या मेंदीतसुद्धा ते एक नख वेगळं दिसायचं.

त्या वर्षी देऊळगाव राजाच्या आमच्या कॉलेजात खेळ शिकवायला रुबीना मॅडम आल्या. मलकापूरच्या. वय पंचविशीच्या आतबाहेर, अंगाने काटक, दुपट्टा कमरेला गाठ मारून बांधलेला. वडील गाद्या भरायचे, घरचा धंदा पिंजाऱ्याचा. रेल्वेच्या वसाहतीतल्या मैदानावर त्या पोरांबरोबर बास्केटबॉल शिकल्या आणि पुढे विद्यापीठाकडून खेळल्या. आमच्या कॉलेजला मुलींचा संघ कधीच नव्हता. मागच्या बाजूला भेगाळलेलं एक कोर्ट होतं, त्याच्या एका रिंगला जाळी नव्हती आणि दुसऱ्या रिंगवर कुणीतरी टायर वाळत घातला होता. प्राचार्यांनी मॅडमना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, एक वर्ष बघू. संघाने काही करून दाखवलं तर संघही ठेवू आणि तुम्हालाही. हे त्यांनी आम्हाला लपवलं नाही. "माह्यावाली नोकरी तुमच्या हातात हाय पोरींनो," त्या म्हणाल्या, "अन् तुमचे हात म्या अजून पाह्यले नाही." त्यांचं ते मले-तुले ऐकून आम्ही फिदीफिदी हसायचो. आम्हीही काही पुण्याच्या लागून गेलो नव्हतो, पण आपल्यापेक्षा गावंढळ बोलणारं कुणी सापडलं की माणसाला बरं वाटतं.

मी उंच होते म्हणून मला ओढून नेलं. चेंडू हातात आल्यावर मी तो दाबून धरत नसे. बोटांना हलकं राहायची सवयच होती. चार दिवसांनी मॅडमनी माझा पंजा उलटासुलटा करून पाहिला. "हे बोटं कुठं कमावले वं तू?" "कपाशीत," मी म्हणाले. मग त्यांना ते नख दिसलं. खेळात नख चालत नाही, पंच सामन्याआधी हात तपासतात. मी हात मागे घेतला आणि सांगितलं, नख काढलं तर घरात घेणार नाहीत. मॅडमनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवसापासून सराव सुरू व्हायच्या आधी त्या माझ्या अंगठ्याला चिकटपट्टी गुंडाळून द्यायच्या. सकाळी सहा ते साडेआठ कोर्टावर, नऊला प्लॉटवर नराची फुलं घेऊन, अकराला कॉलेज, दोनला पुन्हा कळ्या, असे माझे दिवस चालले होते. खोटं कशाला बोलू, आयुष्यात इतकी सुखी मी पुन्हा झाले नाही. मॅडम कोर्टाच्या कडेवरून "पास! पास!" ओरडायच्या, आणि माझ्या मनात दरवेळी आमचा प्लॉट यायचा.

सप्टेंबरात कळ्यांचा भर आला. एका झाडावर एका दिवसात इतक्या कळ्या, की दोघींचे हात पुरेनात. इकडे अमरावतीची स्पर्धा पंधरा दिवसांवर आली, आणि मॅडमनी संध्याकाळचाही सराव लावला, साडेचारपासून. आबांनी साफ सांगितलं, "भर सरंस्तोवर घराबाहेर पाय टाकायचा न्हाई. ते बॉल खेळणं पुढच्या साली." पुढचं साल येणार की नाही तेच त्या प्लॉटवर ठरायचं होतं, त्यामुळे मला तोंड उघडायला जागा नव्हती. मी दोन दिवस गेले नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी मॅडम कुणाच्या तरी सायकलवर थेट वावरात आल्या. आबा बांधावर बसून लाल कागद कापत होते.

"आबा, वैशाली नाही आली तर माहा संघ होत नाही," मॅडम उभ्याउभ्याच म्हणाल्या.

"अन् ती गेली तर आमचा प्लॉट व्हत न्हाई," आबा म्हणाले.

"किती कळ्या सोलते ती?"

"दोन ते सहा. चार तास."

"मंग दोन ते चार आम्ही दोघी सोलतो. दोघींचे दोन-दोन तास, झाले चार. चार वाजता मी तिले घेऊन जाते. आहे का कबूल?"

आबा हिशेबात हरले. त्यांनी मायकडे पाहिलं. माय म्हणाली, "शिकलेली बाई हाय, शिकंल की." मला तिथेच नाचावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून मॅडम यायला लागल्या. विहिरीकडच्या कडेच्या दोन ओळी त्यांना दिल्या. मायने त्यांना पहिल्या दिवशी अर्धा तास शिकवलं. मॅडम एक उमललेलं फूल हातात धरून बघतच राहिल्या. "माहा बाप जलमभर कापूस पिंजून राह्यला, पण त्याचं फूल असं असते हे म्या आज पाह्यलं," असं म्हणून त्या इतक्या मोकळ्या हसल्या, की आबांच्या चेहऱ्यावरसुद्धा जरा ऊन पडलं. मायने त्यांना भाकर-ठेचा दिला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं तरी त्यांनी आणखी ठेचा मागितला. त्या दिवसापासून माय माझ्याइतकीच भाकर त्यांच्या नावाची बांधायची.

तिसऱ्या दिवशी माझी ओळ लवकर उरकली म्हणून मी मॅडमच्या ओळीत शिरले. त्यांनी सोललेली एक कळी सहज टोपी उचलून पाहिली. काडी शाबूत होती, पण बुडाशी पिवळ्या दाण्यांचं कडं तसंच होतं. दुसरी पाहिली, तीही तशीच. पाच-सहा पाहिल्या. कुठे पूर्ण निघालं होतं, कुठे अर्धं. कारण मला लगेच कळलं. मॅडमच्या अंगठ्याला नखच नव्हतं. वर्षानुवर्षं बुडापर्यंत कापायची सवय. त्या बोटाच्या पेराने चिमटीत धरून ओढत होत्या, पाकळ्या निघत होत्या, वरचे दाणे निघत होते, बुडाचे राहत होते. मायने शिकवताना नखाचं वेगळं सांगितलंच नव्हतं. आमच्याकडे बाईला नख असतं हे कुणी कुणाला सांगत नाही, डोळे असतात हे सांगतो का? आणि मॅडमनी विचारलं नाही. मी हाताला लागतील तेवढ्या कळ्या भराभर साफ केल्या. तेवढ्यात चार वाजले आणि मॅडमनी हाक मारली, "चाल वं वैशाली, उशीर होऊन राह्यला!" मी टोप्या पुन्हा घातल्या आणि गेले.

त्या क्षणी बोलायला हवं होतं. पुढे उशिरा, बाहेरून परीक्षा देऊन मी शिक्षिका झाले; आज माझ्या हाताखाली शाळेतली चाळीस पोरं असतात, खरं बोला म्हणून मी त्यांना सांगत असते, आणि सांगताना दरवेळी ती विहिरीकडची कड मला दिसते. मी बोलले असते तर काय झालं असतं? मॅडमचे हात कामाचे नाहीत हे आबांना कळलं असतं आणि माझं जाणं त्याच दिवशी बंद झालं असतं. एवढंच कारण. याच्यापेक्षा बरं कारण मी इतक्या वर्षांत पुष्कळ शोधलं. मी स्वतःला सांगितलं, सकाळी लवकर येऊन त्या ओळी पुन्हा साफ करीन. पण सकाळी सहाला सराव असायचा, आणि संध्याकाळी परतेपर्यंत कपाशीत काही दिसत नसे. दोन दिवस जमेल तेवढं केलं. मग मी त्या ओळीत जायचंच सोडलं. मॅडम अकरा दिवस आल्या. रोज चार वाजता हात धुताना त्या मायला आपली रिकामी झालेली टोप्यांची पिशवी अभिमानाने दाखवायच्या.

अमरावतीला जायच्या दिवशी देऊळघाटची मावशी माझ्या जागी कामाला आली. आम्ही बसने मलकापूरला गेलो, तिथून रेल्वे. मध्ये मॅडमच्या घरी जेवण होतं. त्यांचे अब्बा रुईच्या ढिगात बसून गादी शिवत होते, भुवयांवरसुद्धा कापूस. त्यांनी आमच्या सगळ्यांच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाले, "बेटी, हिची नोकरी राहू द्या बरं." मॅडम लाजून आत गेल्या. पहिल्या सामन्याआधी पंचांनी माझा अंगठा पाहिला आणि बाजूला काढलं. मॅडमनी आपल्या पिशवीतून नेलकटर दिलं. मी ते नख स्वतः कापलं, आणि ते जमिनीवर पडल्यावर मला अंगावरचं काहीतरी उतरवल्यासारखं वाटलं.

आम्ही एकामागून एक सामने जिंकत गेलो. कुणालाच आमची खबर नव्हती, हाच आमचा मोठा फायदा. अंतिम सामना सकाळी होता. सामन्याआधी चेंडू फेकताना मी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं, नऊ वाजून गेले होते. अकरा दिवस रोज याच वेळी माय त्या दोन ओळींत टोप्या काढून नराची फुलं फिरवत होती, सेल्फ झालेल्या फुलांना इमानाने दोरे बांधत होती, हे मनात आलं आणि माझा चेंडू रिंगला लागलाही नाही. पण खेळ सुरू झाल्यावर मी सगळं विसरले. विसरले हे लिहिताना मला लाज वाटते, पण तसं झालं. शेवटची चार मिनिटं राहिली असताना माझा पाचवा फाऊल झाला आणि मी बाहेर आले. मॅडमच्या शेजारी बसले. त्यांनी माझा हात इतका घट्ट धरला होता की बोटं पांढरी पडली. एका बास्केटने जिंकलो. मॅडम रडल्या, मीही रडले, आणि त्यांनी मला मिठी मारून कानात म्हटलं, "हे तुह्या मायनं जिंकून देल्लं." पेपरात जिल्ह्याच्या पानावर फोटो आला: पहिल्याच वर्षी मुलींच्या संघाला विजेतेपद. आबांनी तो कागद देवळीत लावला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवला.

दिवाळीनंतर बोंडं वेचली, सरकी काढली, पोती कंपनीच्या गोदामात गेली. मग वाट बघणं. मी मनाशी म्हणायचे, दोनच तर ओळी, सगळ्या पोत्यांत मिसळून जाईल. मे महिन्यात सुपरवायझर आला. फटफटी त्याने बंद केली नाही, हेच पुरे होतं. "काकू, थोडक्यात गेला," तो म्हणाला. "थोडं कमी सेल्फ असतं तर निघून गेला असता." आबा उभे होते ते खाली बसले. मग मायवर उसळले. "सुई ओवता येईना तुला अन् कळ्या सोलत व्हती! डोळे गेले व्हते तर सांगायचं व्हतं!" मायच्या दृष्टीला खरंच चाळिशी लागली होती, सुई ती लांब धरून ओवायची; मॅडमच्या ओळींत टोप्या काढताना बुडाचं पिवळं कडं तिला दिसलं नसावं ते त्यामुळेच. मी दारात उभी होते, हातात पिण्याच्या पाण्याची घागर. तोंड उघडलं, आणि घागर ठेवायला आत गेले. पंधरा दिवसांत गावात झालं, तिचा हात आता पहिल्यासारखा राहिला नाही. पुढच्या हंगामासाठी बायांची टोळी ठरली, त्यात तिचं नाव कुणी धरलं नाही. माझ्या कॉलेजचा विषय घरात कुणी काढला नाही, मीही काढला नाही.

जूनच्या सुरुवातीला मॅडम आल्या. नवा ड्रेस, हातात पेढ्यांचा पुडा. त्या एका वर्षाच्या यशावर त्यांना दुसरीकडच्या मोठ्या कॉलेजात कायमची जागा मिळाली होती, दुसऱ्या दिवशी निघायचं होतं. आबा त्यांना बघून वावराकडे गेले. मायने त्यांना रेशनच्या साखरेचा चहा केला. मॅडमनी मायच्या हातात पेढा ठेवला आणि तिचा हात सोडला नाही.

"वैशाली, पुढल्या वर्षाचा फॉर्म भरून राह्यली ना?" मी मान हलवली, हो की नाही ते मलाच कळलं नाही. मग त्या मायकडे वळल्या. "अन् काकू, आपला प्लॉट? पास झाला ना?"

माय पेढ्याकडे बघत होती.

"झाला की," माय म्हणाली. "पास झाला."

मॅडमनी टाळी वाजवली. "मंग मले बी क्रॉसिंग येते म्हना! अब्बाले सांगते, तुमची पोरगी कपाशीतबी पास झाली!" त्या हसल्या, मायही हसली. जाताना त्यांनी मायच्या पायांना हात लावला, आणि मी त्यांना फाट्यापर्यंत सोडून आले. वाटेत त्या नव्या कॉलेजबद्दल बोलत होत्या. मी हं हं करत होते.

परत आले तर माय अंगणात ज्वारी पाखडत होती. "एवढ्या लांबून गोड घिऊन आली, तिला काय सांगायचं," ती म्हणाली. थोडा वेळ सूप वाजत राहिलं. मग तिने ते मांडीवर ठेवलं आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "वैशे, तू अमरावतीला गेली त्या हप्त्यात माझीच नजर चुकली असंल का गं?"

"असंल," मी म्हणाले.